लिटल मोरटन हॉल जहाजाच्या लाकडाचा नाही

इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या लिटल मोरटन हॉलचा फोटो कुणी टाकला की खालचा मजकूर ठरलेला: 'मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडाचं ५०० वर्षं जुनं काळंपांढरं घर, जमीन खचून वाकडं झालेलं.' यातलं वय तेवढं बरोबर. काम १५०४ च्या आसपास सुरू झालं आणि मोरटन घराणं १६१० पर्यंत त्यात भर घालत राहिलं.

आधी जहाजाचं बघू. ओक ओला असतानाच घडवतात, वाळला की हत्याराला दाद देत नाही. त्या काळचे सुतार ओल्या लाकडात खाचा पाडत, सांगाडा जमिनीवर जुळवून बघत, जोडाजोडावर खुणा कोरत आणि मग तो उभा करून लाकडी खुंट्या ठोकत. हे सोडून वाळून टणक झालेलं, बाक असलेलं जहाजी लाकूड बंदरावरून बैलगाडीनं कोण ओढत आणणार? पुरावा म्हणून तुळयांमधल्या रिकाम्या खाचा दाखवतात. पण जुन्या घराचं लाकूड नव्यात वापरलं किंवा मधली भिंत काढली, तरी खाच रिकामी पडते. आपल्याकडेही पाडलेल्या वाड्याच्या तुळया दुसऱ्या घरात जातातच की. अंगणातल्या खिडक्यांवर तर सुतारानं नाव कोरून ठेवलंय: रिचर्ड डेल, १५५९. खरोखर जहाजी लाकूड पाहायचं असेल, तर लंडनचं लिबर्टी हे दुकान आहे. त्यातल्या एका जहाजाचं नाव चक्क हिंदुस्तान होतं! पण ती इमारत १९२४ ची, जुन्या घाटाची नक्कल.

वाकडेपणाचं खापर जमिनीवर फोडण्याआधी वर बघा. दक्षिणेकडच्या भागाचं काम सुरू झाल्यावर, बहुधा मागाहून सुचलं म्हणून, त्यावर सुमारे २१ मीटर लांबीचं दालन चढवलं. भोवती खिडक्याच खिडक्या आणि डोक्यावर जड दगडी लाद्यांचं छप्पर. त्या ओझ्यानं खालचे मजले वाकले. पावसात फेऱ्या मारायला, खेळायला ही जागा होती. तिथल्या लाकडी अस्तरामागे सतराव्या शतकातले टेनिसचे चेंडू सापडले आहेत. १९७७ मध्ये छपराच्या लाद्या सैल झाल्याचं लक्षात आलं आणि सुरू झालेली डागडुजी १९९२ पर्यंत चालली.

राहता राहिला रंग. मुळात ओक नुसताच ठेवलेला असे, उन्हापावसात तो रुपेरी होई आणि मधला कूड पिवळट मातकट रंगाचा असे. लाकडाला डांबर आणि कुडाला पांढरा रंग लागला तो एकोणिसाव्या शतकात.