ना धड पक्षी, ना धड प्राणी? वटवाघळाविषयीच्या संदेशाचा प्रतिवाद

वटवाघळांविषयी मोबाइलवर एक संदेश वारंवार फिरत असतो. त्याचा सारांश असा की, वटवाघूळ ना धड पक्षी ना धड प्राणी, तो एक उडणारा उंदीर. तो आंधळा असतो, रक्त पितो, रोग पसरवतो, आणि म्हणून त्याच्या वसाहती नष्ट केल्या तर निसर्गाचे काहीही बिघडणार नाही. या विधानांपैकी रोगाविषयीच्या विधानात तथ्याचा अंश आहे, पण सर्वांत घातक सल्ला नेमका त्याच्याच आधाराने दिला जातो.

'ना धड पक्षी ना धड प्राणी' या शब्दांतच गोंधळ आहे, कारण पक्षी हेही प्राणीच होत. वटवाघूळ प्राण्यांच्या कोणत्या वर्गात बसते, एवढाच खरा प्रश्न आहे. वर्गीकरण करताना शरीराची घडण आणि पूर्वजांशी असलेले नाते पाहिले जाते. नुसते उडणे हाच निकष धरला, तर फुलपाखराला पक्षी म्हणावे लागेल आणि शहामृगाला पक्ष्यांतून हाकलावे लागेल. आपला पंजा पसरून पाहा: अंगठा आहे तेवढाच राहिला, उरलेली चार बोटे हाताएवढी लांब झाली आणि त्यांच्यामधून थेट पायापर्यंत पातळ कातडी ताणली गेली, अशी कल्पना केली की वटवाघळाचा पंख डोळ्यांसमोर उभा राहतो. अंगठा पंखाच्या वरच्या कडेला नखासह मोकळाच असतो. या गणाचे शास्त्रीय नाव कायरॉप्टेरा, म्हणजेच 'हात हाच पंख', ते यावरूनच पडले. या पंखावर एकही पीस नसते. अंगावर केस असतात, मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. एवढ्यावर वटवाघूळ हा सस्तन प्राणी ठरतो, आणि तोही काही विरळा नव्हे: त्याच्या १,४०० हून अधिक जाती ज्ञात आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांची साधारण दर पाचवी जात वटवाघळाची आहे.

'उडणारा उंदीर' ही कल्पना तर आणखी कच्ची आहे. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये वटवाघळांना माणूस आणि माकडे यांच्याच गणात बसवले होते. मादीच्या छातीवरची स्तनांची जोडी हे साम्य त्याला महत्त्वाचे वाटले. ती मांडणी पुढे चुकीची ठरली. आज डीएनएच्या तुलनेवरून असे दिसते की वटवाघळे ही कुत्री-मांजरे, घोडे, गाई आणि देवमासे ज्या मोठ्या शाखेत येतात त्या शाखेतली आहेत, तर उंदीर हा ससे, माकडे आणि माणूस यांच्या शाखेतला आहे. म्हणजेच उंदराचे वटवाघळापेक्षा आपल्याशी अधिक जवळचे नाते आहे, मग त्या संदेशाच्या लेखकाला ते रुचो वा न रुचो.

आंधळेपणाचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. वटवाघळाची कोणतीही जात आंधळी नाही. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे डोळे टपोरे असतात आणि ती मुख्यतः नजर व वास यांवरच विसंबतात. कीटकभक्षी वटवाघळे माणसाला ऐकू न येणारे उच्च स्वर काढून त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट आणि भक्ष्य शोधतात. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांनी ते स्वर १९३८ मध्ये यंत्राच्या साहाय्याने टिपले. रक्तावर जगणाऱ्या जाती केवळ तीन आहेत, आणि त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच आढळतात. त्यासुद्धा रक्त शोषत नाहीत, दातांनी लहानशी जखम करून ते चाटतात.

आता रोगांविषयी. काही वटवाघळांच्या शरीरात रेबीज, निपाह, मारबर्ग यांसारखे विषाणू असतात हे खरे आहे, आणि म्हणूनच जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने कधीही उचलू नये, तसेच त्याने चावा घेतला किंवा ओरखडले तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. मात्र यावरून 'मारून टाका' हा निष्कर्ष निघत नाही. युगांडातील किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्गची लागण झाल्यावर तिथल्या वटवाघळांची वसाहतच संपवण्यात आली. काही वर्षांनी खाणीत वटवाघळे पुन्हा येऊन राहिली, तेव्हा तपासलेल्या प्राण्यांमध्ये विषाणू असण्याचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलेले आढळले, आणि २०१२ मध्ये त्याच परिसरात या रोगाची मोठी साथ आली. जुनी, प्रतिकारशक्ती मिळवलेली वटवाघळे मेली की मोकळ्या जागेत नवी, लागण होऊ शकणारी वटवाघळे येतात, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. मलेशियातील १९९८-९९ च्या निपाहच्या साथीतही मुख्य धडा वेगळाच होता: फळझाडे आणि डुकरांचे गोठे एकमेकांना लागून असल्याने वटवाघळांची उष्टी फळे डुकरांपर्यंत पोचली असावीत, आणि माणसांना लागण झाली ती प्रामुख्याने डुकरांकडून.

राहिले 'काहीही बिघडणार नाही' हे विधान. ते तपासण्याची संधी दुर्दैवाने एका बुरशीनेच दिली. अमेरिकेत २००६ मध्ये प्रथम दिसलेल्या, नाकावर पांढरी बुरशी आणणाऱ्या रोगाने शीतनिद्रेतील लाखो वटवाघळे मेली. जिथे ती नाहीशी झाली तिथे शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले, कारण रात्रभर किडे टिपणारे उरले नव्हते. उष्ण प्रदेशांत ड्युरियनसारख्या फळझाडांचे परागीभवन वटवाघळे करतात, तो हिशेब तर वेगळाच.

शिवाय ही हानी लवकर भरून येत नाही. उंदराची मादी वर्षातून अनेकदा विते आणि एका वेळी कित्येक पिले देते. बहुतेक वटवाघळांच्या माद्यांना वर्षाला एकच पिलू होते. त्यांचा भरवसा दीर्घ आयुष्यावर असतो. सायबेरियात १९६४ मध्ये खूणकडी घालून सोडलेले ब्रांटच्या जातीचे एक नर वटवाघूळ २००५ मध्ये पुन्हा सापडले, तेव्हा त्याचे वय किमान ४१ वर्षे होते. त्या जातीच्या वटवाघळाचे वजन असते अवघे सात ग्रॅमच्या आसपास.