वाघोलीचं निळं, व्हाया अमेरिका

आज डोकं सटकलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार. घाई असेल त्यांनी लाईक ठोकून पुढे जावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

दुपारी भाची आली होती. खराडीला राहते. पर्समधून एक छोटीशी पारदर्शक डबी काढून मोठ्या कौतुकानं माझ्यासमोर धरली. "मावशी, बघ काय मागवलंय, अमेरिकेतून!" आत स्टिलबाइट नावाच्या पांढऱ्या खनिजाच्या तुकड्यावर बसलेला जेमतेम सेंटिमीटरभर निळाभोर गोळा. सुयांचा. मी दुरूनच ओळखला. डबीच्या तळाशी छापील चिठ्ठी होती : कॅव्हनसाइट, वाघोली क्वारी, पूना, इंडिया. किंमत चार आकडी, त्यावर कुरिअर, त्यावर कस्टम्स. सोबत एक गुळगुळीत माहितीपत्रक. हा खडा दोन भुवयांच्या मध्ये ठेवून पडून राहिलं की म्हणे अंतर्ज्ञान जागं होतं.

मी म्हटलं, अगं बाई, वाघोली! तुझ्या गॅलरीतून दिसते ती! ट्रॅफिक नसेल तर वीस मिनिटं, आणि ट्रॅफिक नसतो असं कधी होत नाही, ती वाघोली!

तर म्हणते, "आपली वाघोली? मला वाटलं दुसरी कुठली तरी असेल."

तिचा राग नाही आला. तिचा काय दोष? नगर रोडनं रोज जाणाऱ्या लाखभर माणसांपैकी कुणाला माहितीये? वाघेश्वराचं देऊळ माहिती असतं, पिलाजीराव जाधवांची समाधी थोड्यांना माहिती असते, आणि फ्लॅटचे दर तर शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पण जगात या खनिजाचे सगळ्यात देखणे नमुने जिथून निघाले ते ठिकाण आपल्या पीएमपीच्या बसवर पाटी लावून फिरतं, हे मात्र कुणाच्या गावी नाही.

मी बी.एस्सी.ला जिऑलॉजी केलं हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, कारण पुढे मी बँकेत चिकटले. पण कॉलेजात असताना सर आम्हाला वाघोलीच्या खाणींवर घेऊन जायचे. तिथे एक खाणमामा होते. वडार समाजातले, पन्नाशीचे, हातात कायम सुतकी, म्हणजे दगड फोडायचा मोठा हातोडा. बार उडाला, धूळ खाली बसली की बाकीचे लोक पहारी घेऊन मोठे दगड सुटे करायला लागायचे आणि हे मामा आधी एक चक्कर मारून यायचे. नुसते बघत. दगडाच्या ताज्या फुटलेल्या तोंडावर कुठे पोकळी दिसली की वाकायचे, फुंकर मारायचे. फुंकरच, हात नाही. आमच्यातला एक उत्साही वीर हातोडा घेऊन पुढे सरसावला तर त्याच्यावर असे ओरडले की विचारू नका. "ह्ये निळं लई नाजूक असतंय. हात नगा लावू. मागनं घ्या, दगडासकट घ्या."

मागून घ्या, दगडासकट घ्या. खनिजाचा नमुना कसा काढावा यावरचं याच्याइतकं नेमकं वाक्य मला कॉलेजच्या सगळ्या वर्षांत वर्गात ऐकायला मिळालं नाही.

आता थोडं शास्त्र, कारण मला राहवत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. आज शिल्लक आहे त्याचंच क्षेत्रफळ ५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. तुमचं घर, माझं घर, सिंहगड, वेरूळचं कैलास लेणं, सगळं त्याच्यावर किंवा त्याच्यात. लाव्हा थंड होताना आतले वायू अडकले आणि ढोकळ्याला पडते तशी जाळी पडली. मग पुढे कितीतरी काळ त्या भोकांमधून आणि भेगांमधून गरम पाणी झिरपत राहिलं. पाण्यानं खडकातलं जे जे विरघळवून आणलं ते आत साचत गेलं : स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, कॅल्साइट, अपोफिलाइट. बहुतेक पांढरं, मोतिया, फार तर पीचच्या रंगाचं. आणि क्वचित कुठेतरी त्या पाण्यात चिमूटभर व्हॅनेडियम असलं, कॅल्शियम आणि सिलिका सोबतीला होतेच, की हे निळं. नीलमचा निळा रंग लोहाचा आणि टायटॅनियमचा. हा व्हॅनेडियमचा. नीलम शांत असतो. हा निळा अंगावर येतो.

बरं, शोध आपल्याकडचा नाही. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत, ऑरेगन राज्यात, आणि १९७३ साली त्याचं रीतसर वर्णन प्रसिद्ध झालं. त्याचंच एक भावंड आहे, पेंटॅगोनाइट. रसायन तेच, आतली मांडणी वेगळी, आणि त्याचे स्फटिक पाच-पाचच्या जुळणीत वाढतात. तेही ऑरेगनमधलंच. पण तिथले नमुने बारके. डोळे दिपवणारे, मोठाले, पांढऱ्या स्टिलबाइटवर उमललेले गोळे निघाले ते आपल्या वाघोलीत. जगातल्या मोठ्या संग्रहालयांपासून ॲरिझोनातल्या टूसॉनच्या खनिजमेळ्यापर्यंत लोक जे कॅव्हनसाइट बघून 'आहा' करतात, ते वाघोलीचं असतं.

आणि इथे? इथे ते क्रशरमध्ये गेलं. अहो, खरंच गेलं. खाण काय निळ्यासाठी चालत नव्हती, खडीसाठी चालत होती. खडी, कच, डंपर, ब्रासवर रॉयल्टी. सरकारच्या वहीत बसॉल्ट म्हणजे गौण खनिज, किती ब्रास काढलं एवढाच रकाना. त्यात काय निघालं, कुणी काढलं, कुठे गेलं याला रकानाच नाही. तुमच्या आवडत्या फ्लायओव्हरच्या काँक्रीटमध्ये किती निळं दळून गेलंय कुणास ठाऊक.

हो, माहितीये. खाण नसती तर हे दिसलंच नसतं, डोंगराच्या पोटात राहिलं असतं. मान्य. पुढे.

मामांकडे परत येते. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत कापूस, आणि कापसात ते. अशी शांतता पसरली आमच्यात! एरवी फील्डवर आम्ही भेळ कुठे खायची यावर भांडणारी कार्टी. मामांनी सरांना विचारलं, "साहेब, ह्याचं करत्यात काय?" सर म्हणाले, काही नाही, कपाटात ठेवतात. मामा हसायलाच लागले. "एवढं निळं आन् कपाटात?"

मग म्हणाले, एक शेठ येतो, डबाभर घेऊन जातो, एका दिवसाच्या रोजाएवढे पैसे देतो. कशाला नेतो ते सांगत नाही.

एका दिवसाचा रोज. डबाभर. आणि आज माझी भाची सेंटिमीटरभराचे चार आकडी पैसे मोजून तेच सातासमुद्रापलीकडून परत आणते, आणि तिला वाटतं वाघोली दुसरी कुठली तरी आहे.

मला ठाऊक आहे, आता कुणीतरी लिहिणार की त्या व्यापाऱ्यांमुळेच हे वाचलं, नाहीतर सगळं खडीत गेलं असतं. बरोबर आहे. त्यांना पारख होती, बाजार ठाऊक होता, पॅकिंग कसं करायचं ते येत होतं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालयसुद्धा एका खाजगी संग्राहकाच्याच वेडातून उभं राहिलंय, आणि तुम्ही शिर्डीला जाताना त्याला वळसा घालून पुढे जाता, लाज वाटू द्या. पण वाचवलं म्हणून श्रेय सगळं त्यांचंच? आमच्या कॉलेजच्या कपाटात वाघोलीचा एक सुंदर तुकडा होता. चिठ्ठीवर खनिजाचं नाव, खाणीचं नाव, आणि 'देणगीदार' म्हणून एका व्यापाऱ्याचं नाव, सुवाच्य अक्षरात. दगडाच्या तोंडावर फुंकर मारणाऱ्याचं नाव नाही. कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. लंडनमध्ये नसतं, न्यूयॉर्कमध्ये नसतं, माझ्या कॉलेजात नव्हतं आणि आज आलेल्या डबीतही नाही.

हेच म्हणायचंय मला. बाकी सगळं प्रस्तावना होती.

आणि हे नवीन नाही हो. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वे नेली तेव्हा बोगद्यांच्या खोदकामात असेच झिओलाइट, म्हणजे स्टिलबाइटच्या कुळातली खनिजं, निघाले आणि थेट इंग्लंडच्या कपाटांत जाऊन बसले. साहेब इंजिनिअरांची नावं पुस्तकांत आहेत. बोगदे खणताना पटकी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्यांची नावं शोधून दाखवा. पाषाणच्या खाणींतला हिरवा अपोफिलाइट बघितलाय कधी? नसणारच. जग बघतं.

कॅलिफोर्नियाकडे एक निळं रत्न आहे, बेनिटोइट. १९०७ मध्ये सापडलं, आणि १९८५ मध्ये त्यांनी ते राज्याचं रत्न म्हणून जाहीर करून टाकलं. जर्मनीत आयफेलच्या ज्वालामुखी खडकात हाउइन नावाचं निळं मिळतं, लहानसं, त्याचेही लोक प्रेमानं पैलू पाडतात, आणि त्याच भागात मेंडिग गावात ज्वालामुखीचं चक्क संग्रहालय आहे. आपल्याकडे राज्य प्राणी शेकरू, राज्य पक्षी हरियाल, राज्य फूल ताम्हण. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरूसुद्धा ठरलं, ब्लू मॉरमॉन, तेही निळंच की! मग दगडांच्या देशात एक दगड ठरवायला काय हरकत होती?

जाऊ दे. राज्य दगड वगैरे ठरवून काय होतं, एक शासन निर्णय निघतो आणि एक टपाल तिकीट. मला ते नकोय. वाघोली २०२१ पासून महापालिकेत आली, तिथे एखाद्या शाळेत, वाचनालयात, बस डेपोत म्हणाल तर डेपोत, एक काचेचं कपाट हवंय. चार तुकडे. आणि खाली त्या खाणींत राबलेल्या माणसांची नावं. अजून आहेत त्यातली काही जण तिथेच, बऱ्याच खाणी बंद झाल्या, त्यांत पाणी साठलं, कुठे भराव टाकून टॉवर उभे राहिले, पण वस्त्या आहेत. विचारलं तर सांगतील.

खाणी बंद झाल्या याचं मला दुःख आहे असं समजू नका. त्या धुळीनं काय केलंय ते मी मामांच्या खोकल्यात ऐकलंय. त्यांचा फोटो काढताना दोनदा थांबावं लागलं होतं, इतका. कापसातलं निळं सांभाळणारा माणूस स्वतः दगडाची भुकटी छातीत साठवत होता आणि त्याला मास्क द्यावा असं त्याच्या मालकाला सुचलं नाही. या वाक्यापाशी मी चहा करायला उठले होते. आता परत बसलेय.

भाचीला मी ओरडले नाही, उलट डबी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. खरं सांगू? सुंदर आहे. कुणीतरी तो मागून, दगडासकट काढलाय. एकही सुई मोडलेली नाही. सुतकी चालवणाऱ्याचा हात दिसतो त्यात, ज्याला बघता येतं त्याला. तिला मामांची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "त्यांना मिळाले किती?" हुशार आहे पोरगी. अंतर्ज्ञान जागं झालं असावं, भुवयांवर न ठेवताच.

एक तिला सांगितलं तेच इथेही सांगते : हा खडा अंगठीत बसवायच्या भानगडीत पडू नका. खनिजांची कठिणता मोजायच्या मोह्स पट्टीवर याची कठिणता ३ ते ४, नीलमची ९. चाकूनं ओरखडा उठतो. वर सुया इतक्या ठिसूळ की ब्रशनं पुसायला गेलात तर निळी पूड हातात येईल. धूळ बसली तर फुंकर मारा. मामांची पद्धत, अजून चालते.

आता काम. या यादीत माझ्या बॅचचे, पुढच्या-मागच्या बॅचचे बरेच जण आहेत. फील्डवरून आणलेले तुकडे तुमच्या माळ्यावर, बुटांच्या खोक्यांत पडलेत हे मला पक्कं ठाऊक आहे. ते काढा. जुन्या फील्ड डायऱ्या काढा. खाण कुठली, साल कुठलं, आणि तुकडा कुणी हातात दिला ते आठवत असेल तर लिहून मला इनबॉक्स करा. नाव आठवत नसेल तर टोपणनाव चालेल, गाव चालेल, 'क्रशरच्या डावीकडच्या झोपडीतले' एवढंही चालेल. वाघोलीत शिकवणारे कुणी शिक्षक मित्र असतील तर त्यांनीही बोला, कपाटाचा खर्च मी बघते, माझी ग्रॅच्युइटी आहे.

आणि कॉमेंटमध्ये कुणीही 'ताई, हा कुठल्या राशीला चालतो' असं विचारलं तर सरळ अनफ्रेंड करीन. नात्यातलं असलं तरी.