दंड भरा, इंग्रजी शिका

इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या होतकरूंनी प्रथम आपली मराठी वर्गाबाहेर चपलांच्या शेजारी काढून ठेवावी. माझ्या पुतणीने लातुरातल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये आठ हजार रुपये भरून ती ठेवली, शिवाय तोंडून निसटलेल्या प्रत्येक मराठी शब्दामागे दहा रुपये दंडही भरला. तिच्याच अनुभवावरून पुढील सूचना देत आहे.

ओळख करून देताना ‘मायसेल्फ’पासूनच सुरुवात करावी.

‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ असे बिनधास्त म्हणावे. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत चालते, मग इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की साधा भूतकाळच का लागतो, हे विचारायला मराठी लागते, आणि मराठीला दंड आहे.

रोज वीस अवघड शब्द पाठ करावेत. बँकेत फॉर्म मागताना त्यांतला एकही उपयोगी पडत नाही, पण पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता येतात.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांच्या बाबतीत मात्र कानांवर मुळीच विश्वास ठेवू नये. ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांपैकी एखादे शब्दाच्या आरंभी दिसले की डोळे मिटून ‘ॲन’ लावावे. पुतणीने वहीत ‘अ युनिव्हर्सिटी’ असे बरोबर लिहिले होते. सरांनी लाल पेनाने त्या ‘अ’ला शेपूट जोडून ‘ॲन’ केले, तेही इतक्या जोराने की अक्षर मागच्या पानावर उमटले. मी वही घेऊन गेलो, तेव्हा सर म्हणाले, “काका, यू हा स्वर आहे, नियम म्हणजे नियम.” अहो, नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे! हेच शब्द देवनागरीत लिहून पाहा. युनिव्हर्सिटी आणि युरोपियन ‘य’ने सुरू होतात, वन-वे ‘व’ने, म्हणून तिथे ‘अ’; अवर (म्हणजे तास) ‘अ’ने आणि एमएलए ‘ए’ने, म्हणून तिथे ‘ॲन’. बाराखडी येणाऱ्या लेकराला दोन मिनिटांत कळेल अशी ही गोष्ट आहे, पण ती फळ्यावर देवनागरीत लिहिली तर बहुधा सरांनाच दंड भरावा लागेल.

माझे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमात शिकले आणि इंग्रजीचे व्याकरण त्यांनी उर्दूतूनच समजून घेतले. त्यांच्या मास्तरांनी त्याबद्दल कुणाकडून दमडी घेतली नाही. आता तर २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी बारावी झालेली मुलगी या क्लासात येते, आणि जे तिला येत होते तेही इथे पुसले जाते.

सर, तुम्हाला इंग्रजी कमी येते याबद्दल माझी तक्रार नाही, मलाही फार येत नाही. पण बरोबर लिहिणाऱ्या लेकराला चारचौघांत चूक ठरवायचे आणि तिने मराठीत शंका विचारली की दंडाचा डबा पुढे करायचा, याला शिकवणे म्हणत नाहीत. आणि पालकहो, भिंतीवरच्या जाहिरातीला भुलून पैसे मोजणारे आपणच, वही मात्र कधी उघडून पाहत नाही. मीसुद्धा चार महिन्यांनी पाहिली. पुतणीचे दंडाचे दोनशे दहा रुपये परत करा, आणि त्याआधी ते लाल शेपूट तुमच्या हाताने, तिच्यासमोर खोडा.