रॅम नंतर वाढवता येतेच असे नाही
‘बजेट कमी असेल तर आधी वजन पाहा, रॅम काय, नंतरही वाढवता येते’ हे लॅपटॉप खरेदीवरील लेखातील विधान पटले नाही. सडपातळ लॅपटॉपच्या बऱ्याच मॉडेलांत रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी तात्पुरती मेमरी) मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरच, सोल्डर करून कायमची जोडलेली असते आणि जादा स्लॉटही नसतो, त्यामुळे ८ जीबीचे यंत्र शेवटपर्यंत ८ जीबीचेच राहते. फाइली साठवणारी एसएसडी मात्र बहुधा बदलता येते.

शिवाय वजनात चार्जर कोणी धरतच नाही. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करताना मला लॅपटॉपपेक्षा त्याच्या विटेएवढ्या अडॅप्टरचाच जास्त जाच होत असे. यूएसबी-सीवर चार्ज होणारे मॉडेल घेतल्यापासून ६५ वॅटच्या एकाच लहान चार्जरवर मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही भागतात. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टवर लॅपटॉप चार्ज होतोच असे नाही, हे दुकानात चार्जर लावूनच पाहावे.