फ्रान्सिसच्या नावावर फिरणारी प्रार्थना फ्रान्सिसची नाही

4 ऑक्टोबर, म्हणजे इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, जवळ आला की त्यांच्यावरचा तोच फॉरवर्ड ग्रुपवर फिरायला लागतो. त्यात म्हणे, 'हे प्रभू, मला तुझ्या शांतीचं साधन कर' ही प्रार्थना त्यांनी 13व्या शतकात लिहिली, शब्दांनी उपदेश कधी केला नाही, सुलतानाला ख्रिस्ती केलं, आणि शिकवण काय तर पशुपक्ष्यांवर प्रेम करा. (जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर, ते 16व्या शतकातले, कृपया घोळ नको.)

प्रार्थना पहिल्यांदा छापून आली 1912 साली, पॅरिसच्या एका लहानशा मासिकात, खाली कुणाचं नावच नव्हतं. पुढे ती फ्रान्सिसच्या चित्रामागे छापली गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच, 1979 ला नोबेलच्या भाषणात मदर तेरेसांनीही ती त्यांचीच म्हणून म्हणवून घेतली. प्रार्थना सुंदर आहे, रोज म्हणा, फक्त खाली त्यांचं नाव टाकू नका.

उपदेश केला नाही म्हणणं तर सरळ चूक. पोपने त्यांना परवानगीच पश्चात्तापाचा उपदेश करायला दिली होती. 1222 ला इटलीतल्या बोलोन्या शहराच्या चौकात त्यांना ऐकलेल्या एका माणसाने लिहून ठेवलंय की कपडे मळके, चेहरा काही देखणा नाही, पण बोलण्यात अशी ताकद की पिढ्यानपिढ्या रक्त सांडणाऱ्या घराण्यांनी समेट केला.

सुलतान अल-कामिलला ते 1219 ला भेटले, क्रुसेड (ख्रिस्ती सैन्यांचं मुस्लिम सत्तांविरुद्धचं धर्मयुद्ध) चालू असताना, इजिप्तमध्ये. त्याने ऐकून घेतलं, सुखरूप परत पाठवलं, धर्म काही बदलला नाही.

आणि पशुपक्षी. प्रेम होतंच, पण 1226 ला मरण्याआधी सांगितलेल्या मृत्युपत्रात ते सुरुवात कुठून करतात बघा, महारोग्यांपासून! कापड व्यापाऱ्याचा लाडात वाढलेला मुलगा सांगतोय की पापात होतो तेव्हा महारोग्यांना नुसतं बघणंही मला फार कडू वाटायचं, देवानेच मला त्यांच्यात नेलं, मी त्यांच्यावर दया केली, आणि तिथून निघालो तेव्हा जे कडू वाटत होतं तेच गोड झालं होतं. हे त्यांचं स्वतःचं बोलणं आहे, आणि तेच कुणी फॉरवर्ड करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण किळस आली तिथेच जाऊन राहायचं हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, सुरुवातीच्या साथीदारांनाही महारोग्यांच्या वस्तीत सेवेला लावलं.