सुट्टी टाकायच्या आधी तिथी बघा

एप्रिल निम्मा सरला की ओळखीपाळखीतून मेसेज यायला लागतात. "तुमचं माहेर रत्नागिरीकडचं ना? तीन दिवस काढलेत, मुलं बरोबर आहेत, काय काय करून होईल?" खाली यादी तयारच असते : गणपतीपुळे, आरे-वारे, पावस, विजयदुर्ग, जमलं तर येताना मालवण. मालवण 'येताना' कसं लागतं, हे विचारायचं मी आता सोडून दिलंय.

प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा यंदा इथेच एकदा लिहिते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत असं की मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन उन्हाळ्यात समुद्रावर जायचं असेल, तर वाळूची नावाजलेली पुळण सोडा आणि खडकाळ किनारा धरा. एकच गाव धरा. आणि दिवसाचं वेळापत्रक तुम्ही ठरवू नका, भरती-ओहोटीला ठरवू द्या.

पुळणीशी माझं वैर नाही, लहानपणी मीही तिथेच लोळलेय. पण मे महिन्यात मोठ्या पुळणींवर जे चालतं ते बघवत नाही. चारचाकी बाइकचा धूर, उंट, घोडे, पॅरासेलिंगवाल्यांची ओढाओढ, वाळूत रुतलेली कुणाची तरी एसयूव्ही आणि ती काढायला जमलेली गर्दी. आई पिशव्या आणि चपला राखत बसलेली, बाबांचं लक्ष पार्किंगकडे, आजी एसी लावून गाडीतच. पोरं पाण्यात जातात, भिजून येतात, भूक लागली म्हणतात. की निघाले पुढच्या पॉइंटला.

कातळावर हे जमतच नाही. तिथे हात धरल्याशिवाय चालता येत नाही. नातू आजीला म्हणतो, "इथे पाय ठेव, इथे घसरतं." घरी दिवसभरात दोन वाक्यं न बोलणारा चौदा वर्षांचा मुलगा कातळावर आजीशी अखंड बोलत असतो, कारण त्याला बोलावंच लागतं.

आमचा पट्टा पूर्णगडच्या खाडीपासून खाली आंबोळगडपर्यंतचा. मध्ये गावखडी, वेत्ये अशा वाळूच्या पुळणी आहेत, पण खरा तोरा कड्यांचा. वर जांभ्याचा सडा, म्हणजे दगडाचं पठार, लांबच लांब सपाट, मे महिन्यात नुसतं वाळकं गवत आणि करपलेला दगड. चालत राहावं आणि अचानक सडा संपावा, खाली थेट समुद्र. कशेळीची देवघळी बघा. दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये आत घुसलेलं पाणी. कनकादित्याची, म्हणजे सूर्याची, मूर्ती इथल्या गुहेत सापडली अशी आख्यायिका आहे. गावातलं देऊळ सूर्याचं, म्हणजे आपल्याकडे तसं दुर्मीळच. त्याच गावच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात पुन्हा इतर प्राणी, मासे कोरलेले. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गावातल्या गुरं हाकणाऱ्यांना मात्र ती कधीपासूनच माहीत होती. हत्ती बघायला सकाळी आठच्या आत जा. दहानंतर तो सडा तव्यासारखा तापतो, चपलेतूनसुद्धा चटका लागतो.

आता तिथीकडे येते, खरी गोम तिथे आहे.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी एक हिशेब असतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. तिथून सहा तासांनी ओहोटी. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, त्याचंच हे गणित. अंदाजाचं आहे, बंदरागणिक फरक पडतो, नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं. पण ओटीवर बसून उद्याचा बेत करायला पाऊणपट पुरते.

यातली गंमत बघा. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, दिवसांत भरती सकाळी आणि रात्री अकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला. ऊन सोसवतं नेमकं त्याच वेळी पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, सगळं उलटं. ओहोटी भर दुपारी, आणि तीही अर्धीमुर्धी, खडक धड उघडे पडत नाहीत. म्हणून म्हणते, सुट्टी टाकताना शनिवार-रविवार बघण्याआधी अमावास्या-पौर्णिमा बघा. आपण गाडीचं वेटिंग बघतो, हॉटेलचे दर बघतो, नेटवर्क आहे का तेही विचारतो, आणि ज्याच्यासाठी जातो तो समुद्र त्या दिवशी कुठे असेल तेवढं मात्र बघत नाही.

माझ्या मुलीला शाळेत भरती-ओहोटीचा धडा होता. चंद्र, सूर्य, पृथ्वी, काटकोन, आकृतीसकट पाठ. पूर्ण मार्क. गावाला आल्यावर तिचे मामा म्हणाले, "आज षष्ठी, मग कातळावर कधी जायचं ते सांग." ती बोटं मोजत बसली आणि सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाला असं तिनेच काढलं. मग स्वतःच म्हणाली, "एवढ्या उन्हात? नको, चार दिवस आधी यायला हवं होतं." त्या पोरीला आता दरवर्षी तारखा ठरवायला बसवतो.

बरं, कातळावर जाऊन करायचं काय? काही नाही. ओहोटीने मागे ठेवलेलं एखादं डबकं निवडायचं, परातीएवढं पुरतं, आणि काठाशी उकिडवं बसायचं. आधी काहीच दिसत नाही. मुलं चुळबुळतात, "चला ना" सुरू होतं. मग एक शंख चालायला लागतो. आत गोगलगाय नसते, दुसऱ्याच्या शंखात राहायला आलेला खेकडा असतो, सावली पडली की थबकतो, आपण हललो नाही की पुन्हा निघतो. मग तळाशी दगडाच्या रंगाचा बोटभर मासा दिसतो, तो मघापासून तिथेच होता. कपारीत समुद्रफूल असतं, त्याच्या बारीक पाकळ्या पाण्याबरोबर हलतात. पाण्याला जरा धक्का लागला की ते आखडून मातकट गोळा होतं आणि इथे काही होतं यावर विश्वास बसत नाही. आमची आई सत्तरीपुढची, गुडघे कुरकुरतात. तिच्यासाठी दादा प्लॅस्टिकचं स्टूल उचलून नेतो. सगळ्यात आधी खेकडा तिलाच दिसतो, कारण ती एका जागी बसते.

दोनच नियम आहेत. दगड उलटा केला तर होता तसा परत ठेवायचा, त्याच्या पोटाला कुणीतरी राहत असतं. आणि जिवंत काहीही बाटलीत घालून घरी न्यायचं नाही. मुंबईकरांना यासाठी रत्नागिरी गाठायचीही गरज नाही म्हणा, 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून मुंबईच्याच किनाऱ्यांवर ओहोटीला लोकांना घेऊन फिरतात.

उधाणाच्या ओहोटीला गावातल्या बायका कालवं काढायला उतरतात. जमलं तर विचारून त्यांच्याबरोबर जा. लोखंडी टोकाने कालवाचा वरचा शिंपला टचकन उडवायचा, आतला गर खरवडून वाटीतल्या खाऱ्या पाण्यात टाकायचा, की पुढचं. शिंपल्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे पायात बूट हवेत. बायका मात्र साध्या स्लिपरवर हे करतात आणि तोंडाने गप्पा चालूच. दोन तास वाकून वाटीभर निघतात. एकदा हे बघितलं की कुणी कालवांचा वाटा महाग म्हणत नाही. निदान आमच्या घरात तरी त्यानंतर कुणी म्हटलेलं नाही.

आता दटावते. कातळ जीव घेतो. ओला काळा दगड म्हणजे शेवाळ, त्यावर पाय नाही. पाण्याकडे पाठ करून फोटो नाही, सेल्फी तर नाहीच. भरती लागली की वर. 'अजून पाच मिनिटं' हे वाक्य कातळावर चालत नाही, कारण पाणी आधी मागच्या वाटेत भरतं आणि मग समोर दिसतं. हेदवीची बामणघळ बघायची ती भरतीला, काठापासून लांब उभं राहून. पाणी त्या चिंचोळ्या फटीत घुसतं आणि उंच उसळतं. हरिहरेश्वरची समुद्राकाठच्या कातळावरून जाणारी प्रदक्षिणा करायची ती ओहोटीला. उलट केलंत तर हेदवीला नुसती चीर दिसेल आणि हरिहरेश्वरला जीव धोक्यात येईल. तिथे माणसं गेलेली आहेत. गावातला कुणी "आता उतरू नका" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला तुमचे पैसे नको असतात.

आणि हे सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरकायचं. नंतर समुद्राचा नूर पालटतो, लाटा फुगतात, पाणी गढुळतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्याआधीच लोक होड्या वर ओढून झापांनी झाकायला लागतात.

मधली दुपार उरते. ती मोकळी ठेवा, 'पॉइंट' घुसडू नका. अकरा-साडेअकरापासून खारे वारे सुरू होतात आणि ओटीवर पंखा लागत नाही. आमच्याकडे दुपारी रातांबे फोडायला बसतात. साल वेगळी, बिया आणि रस वेगळा. साल वाळवायची, मिठाच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे आमसूल होतं. पोरांचे हात संध्याकाळपर्यंत लालभडक. कुणीतरी फणस फोडतो, कुणीतरी त्याचा चीक केसांना लावून घेतो, मग खोबरेल तेलाची शोधाशोध. आजी जुन्या बोटींच्या गोष्टी सांगते, भाऊच्या धक्क्यावरून निघून जैतापूर बंदरात पडावात कसं उतरायचं आणि कुणाची ट्रंक पाण्यात कशी पडली. ट्रंक दरवर्षी वेगळ्या माणसाची असते.

आता जे कुणी सहसा लिहीत नाही ते लिहिते. कोकणातल्या या सुट्टीच्या आठवणी आपण सगळे उमाळे काढून लिहितो, पण ती सुट्टी कुणाच्या तरी कमरेवर उभी असते. आमच्याकडे वहिनीच्या. मुंबई-पुण्याहून आम्ही माहेरवाशिणी पोरंटोरं घेऊन उतरतो, आणि तिचा मे म्हणजे सकाळी घावने, दुपारी वीस पानं, संध्याकाळी पुन्हा चुली. त्यात पाणी. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्यातून सगळा समुद्राला जाऊन मिळतो. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, वाड्यावाड्यांत टँकर फिरतात. आणि शहरातलं पोर नळ सोडून दात घासत उभं.

म्हणून आमच्या घरात काही वर्षांपूर्वी कायदा झाला. संध्याकाळच्या ओहोटीला घरात कुणी थांबायचं नाही, वहिनी तर नाहीच. रात्री पिठलं-भात, तोही पुरुषांनी करायचा. पहिल्या वर्षी पिठल्याचं काय झालं ते लिहीत नाही, भावांना टॅग केलंय. वहिनीला कातळावर पहिल्यांदा नेलं तेव्हा कळलं की इतकी वर्षं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून ती मेमधल्या ओहोटीला कधी आलीच नव्हती. पाहुण्यांचा महिना ना तो. आता डबक्यातलं काय कुठे असतं ते तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि मुलं शंका विचारायला तिच्याकडे जातात.

घरगुती राहण्याच्या ठिकाणी उतरलात तरी हेच. मालकीणबाईंना रात्री साडेदहाला पापलेट मागू नका. बादलीत आंघोळ करा. ताज्या सुरमईचा हट्ट सोडा, त्या दिवशी जे जाळ्यात आलं असेल ते खा, बांगडा आला तर बांगडा. दोन पैसे जास्त द्या.

सागरी महामार्गाचं काम पुरं झालं की आमच्याकडेही गर्दी येणार, हे दिसतंच आहे. गावातल्या पोरांना रोजगार मिळेल आणि तो मिळायलाच हवा, मुंबईत बसून 'आमचं गाव होतं तसंच राहू दे' म्हणायचा मला काय अधिकार? मात्र कातळावर सिमेंटचे चौथरे आणि स्टीलचे कठडे घालून 'सेल्फी पॉइंट' करू नयेत, एवढं ग्रामपंचायतीपुढे दरवेळी बोलते. ऐकतात की नाही माहीत नाही, चहा मात्र देतात.

तर यादी मागणाऱ्यांनो : गाव एक, तिथी अमावास्या किंवा पौर्णिमेच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे, पायात जुने बूट, टोपी, पाणी, आणि आजीसाठी स्टूल. आमच्या गावाचं नाव इनबॉक्समध्ये विचारू नका. वहिनीला शब्द दिलाय.