सहा शनिवारांचं तेल

आजोबांचं रिव्हॉल्वर महिन्याभरापूर्वी पोलीस ठाण्यातून सोडवून आणलं. त्याला लोणच्याच्या बरणीचा वास येतोय. कपाट उघडलं की स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "कैरीचं काढलंत का लिंबाचं?"

आचारसंहिता लागली की परवानाधारकानं हत्यार जमा करायचं, हे आता मला पाठ झालंय. कुणाचं जमा करायचं आणि कुणाचं नाही हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते म्हणे. या समितीला दर निवडणुकीत मी लोकशाहीला धोका वाटतो. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, आयुष्यभर नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. वेब्ली अँड स्कॉट, .32 बोअर, बर्मिंगहॅमचा शिक्का. आजोबांच्या पश्चात शेवटची गोळी झाडली तेव्हा गावात वीज आली नव्हती. मी ते झाडण्यासाठी ठेवलेलं नाही. त्याची मूळची निळी-काळी झिलई अजून टिकलीय, म्हणून ठेवलंय.

या झिलईबद्दल दोन शब्द सांगतो, शिक्षकाची खोड आहे. ती रंग नव्हे. तो लोखंडाचाच गंज आहे, पण वळण लावलेला. तांबडा गंज सुटतो, पोखरत जातो. हा काळा चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. आपल्या शेजारच्या बिदरीचं असंच. जस्ताच्या सुरईला बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं काळं करतात आणि त्या काळ्यावर चांदी उठून दिसते. आमच्या एका आत्यानं दिवाळीची घासाघीस करताना निजामाच्या काळातला बिदरी पानदान चिंचेनं पांढराफेक केला होता. चार दिवस ती सगळ्यांना दाखवत होती, "बघा, किती मळला व्हता!"

तर जमा करताना मी सगळी व्यवस्था करून दिली होती. पत्र्याचा डबा. आत गंजरोधक खाकी कागद. ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, जिचे निळे मणी गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. आणि ठळक अक्षरात चिठ्ठी: चामड्याच्या म्यानात ठेवू नये. कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेली आम्लं त्यात राहतात, लोखंड खातात. म्यान मी वेगळं, शेजारी ठेवलं होतं. त्याचा परवान्यात उल्लेख आहे आणि ते नसलं की कारकून आपल्याकडं चोर असल्यासारखं बघतात.

सोडवायला गेलो तर रिव्हॉल्वर म्यानात होतं.

मुद्देमाल सांभाळणारा कारकून चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कपाळाला बुक्का. त्यानं ते म्यानातून ओढलं तेव्हा बाभळीचा डिंक बोटाला लागून सुटावा तसा आवाज आला. वर एक पिवळट, चिकट थर. चक्र फिरवून बघितलं. फिरलं नाही.

"हे काय?"

"तेल लावलंय सर. करडईचं. घाण्यावरचं हाय, भेसळ नाही."

"करडईचं कामून?"

"दर शनिवारी मारुतीला जातो ना मी. वाटीत उरतंच थोडं. म्हनलं, वाया कशाला घालायचं. सहा शनिवार झाले, एक बी चुकवला नाही."

मी खुर्ची शोधली. खुर्चीवर कुणाच्या तरी खटल्यातला मिक्सर ठेवलेला होता.

"आणि मी दिलेलं तेल?"

"ते मशीनचं व्हतं. दरवाज्याला घातलं. लई कुरकुरत व्हता. आता बघा." त्यानं खरंच उठून मुद्देमालाच्या खोलीचा दरवाजा उघडला, लावला, उघडला. फुलपाखराच्या पंखासारखा. माझ्या आजोबांच्या वाट्याचं तेल खाऊन.

"पुडी होती. पांढरी."

"तिच्यावर 'खाऊ नका' लिहिलं व्हतं इंग्रजीत. म्हनलं विष असंल, उद्या कुणी खाल्लं तर लफडं आपल्या गळ्यात. फेकली."

"खाकी कागद?"

इथं तो थोडा लाजला. "दिवाळी मधी आली ना सर. चिवडा वाटायला कागद नव्हता."

त्या कागदातून गंज रोखणारी वाफ हळूहळू सुटत असते. ती लोखंडासाठी असते, पोह्यांसाठी नाही. कुणाला काही झालं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. निदान एवढं कळलं असतं की त्या ठाण्यातली माणसं यंदा गंजणार नाहीत.

मी आवाज चढवला. म्हणालो, परवान्याचं हत्यार आहे, ऐवज आहे, तुम्हाला हात लावायचा अधिकार कुणी दिला? बाकावर दुनाळी सोडवायला आलेले एक म्हातारबुवा मध्येच म्हणाले, "मास्तर, पोरानं जीव लावलाय त्याला. माझी तर जवारीच्या कणगीत असती, सोंडे फिरतेत नळीत." कारकून मात्र माझ्याकडं एकटक बघत होता. दुखावलेल्या नजरेनं.

"सर, तुम्हीच तर शिकवलं व्हतं."

"मी?"

"नववी ब. लोखंड गंजू नये म्हणून काय उपाय कराल? रंग द्यावा, तेल किंवा ग्रीस लावावं, जस्ताचा मुलामा द्यावा. मी तिन्ही लिहिले व्हते. पैकीच्या पैकी दिले तुम्ही."

मी दिले असणार. मी त्या प्रश्नाला सगळ्यांनाच द्यायचो, तपासायला सोपा होता. कोणतं तेल, हे मात्र पुस्तकात नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नाही. करडईचं तेल हवा लागली की सुकतं, घट्ट होतं, चित्रकार म्हणूनच ते रंगात मिसळतात. जवसाचंही तसंच. खनिज तेल असं सुकत नाही. हा फरक सांगायला पाच मिनिटं पुरली असती. ज्या मराठवाड्यात करडई आपल्या दारात पिकते, परभणीच्या विद्यापीठानं तिचे वाण काढले, तिथल्या विज्ञानाच्या मास्तरानं तीस वर्षांत ती पाच मिनिटं काढली नाहीत. पोरगा आता पंचवीस हत्यारांना मारुतीचं तेल लावत बसलाय.

सही करून घेताना त्यानं विचारलं, "चहा घेता ना सर?" घेतला. काय करणार.

पावतीवर लिहिलं होतं, 'एक जुने रिव्हॉल्वर, सुस्थितीत.' जमा करतानाच्या पावतीवरही हेच होतं. हत्याराची झिलई कशी होती, आता कशी आहे, यासाठी रकाना नाही. मोटारसायकल जप्त झाली तर निदान खरचटल्याचे पंचनामे होतात. पाच वर्षांत लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगर परिषद. म्हणजे आजोबांचा ऐवज चार वेळा त्या खोलीत, आणि चारही वेळा मला उत्तर तेच: हरवलं तर नाही ना? हरवलं नाही. हे मान्य.

शस्त्र दुरुस्तीच्या परवानाधारक कारागिराला दाखवलं. तो उत्साहानं म्हणाला, सगळं घासून काढतो, नवी झिलई चढवतो, शोरूमसारखं करतो. आत्या आठवली. नको म्हटलं. जुन्या हत्याराची मूळची झिलई गेली की त्याची किंमत गेली, मग ते कितीही चमको.

मग तीन रविवार टर्पेंटाइन आणि जुन्या बनियनचा बोळा. सहा शनिवार मोजून उतरवले. खरं सांगायचं तर थराखाली बहुतेक ठिकाणी लोखंड ठणठणीत निघालं. सुकलेला थर म्हणजे वार्निशच, ओल आत जाऊ देत नाही. हे मी कारकुनाला कधीही सांगणार नाही. मारुतीच्या शेंदराची खोळ गळून पडते तेव्हा आतून जुनी मूर्ती निघते, तसं चक्र एकदा कट्टकन फिरलं आणि मी चक्क हात जोडले.

फक्त मुठीच्या वर, जिथं बर्मिंगहॅमचा शिक्का आहे, त्याच्या बाजूला एक डाग राहिलाय. तेलाआधी घामेजला हात लागला असणार. घामातलं मीठ झिलई खातं. भिंगातून बघितलं. गोल गोल रेषा, मधे चक्री, एक बाजू जराशी पुसट. त्या ठाण्यात आजवर हजारो लोकांचे अंगठे घेतले असतील. तिथल्या कारकुनाचा अंगठा माझ्याकडं आहे, आणि तो पुसला जात नाही.